पाऊस थांबल्यावरची गळती

कुपवाडच्या कारखान्यांमध्ये दादासो सूर्यवंशींना कुणी दादासो म्हणत नाही. सगळे 'मेजर' म्हणतात. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आपल्याकडं शिपाई असो नाहीतर सुभेदार, पेन्शन घेऊन गावी आला की तो मेजरच होतो. सुरुवातीला ते लोकांना समजावायचे, "आवं, मेजर लय मोठा हुद्दा असतोय. मी साधा हवालदार." लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं मेजर." शेवटी त्यांनी नाद सोडला.

गाव कुंडल. घरी थोडा ऊस, दोन भाऊ शेतीत, तिसऱ्यानं फौजेत जायचं हे जणू ठरलेलंच. दादासो इंजिनिअर पलटणीत गेले आणि नोकरीची बरीच वर्षं ईशान्येकडच्या छावण्यांत काढली. तिथं पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नसे. बराकींवर पत्रे, पत्र्यांवर रात्रंदिवस पाणी, आणि आतल्या जवानांच्या खाटा कोरड्या ठेवायची जबाबदारी ज्या टोळीवर होती त्या टोळीत दादासो होते. बंदुकीपेक्षा पाना आणि रिबिट त्यांच्या हातात जास्त राहिले. त्यांचा सुभेदार कडक होता. छपरावर चढलं की आधी झाडू, मग हत्यार. घाणीत काम करणारा माणूस घाणच करून ठेवतो, असं तो म्हणायचा. हा नियम दादासोंच्या अंगात इतका मुरला, की गावाकडं आल्यावरही ते कमरेला दोर आणि पाठीला झाडू बांधूनच शिडी चढायचे.

निवृत्तीनंतर पाहुण्यांनी त्यांना एका कारखान्याच्या फाटकावर उभं केलं होतं. फौजी माणूस म्हणजे फाटकावरच शोभतो, असा आपल्याकडं समज. पण दादासो फाटकाकडं कमी आणि छपराकडं जास्त बघायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी मालकाला विचारलं, "आत दिवसाढवळ्या लाईट कशापायी लावता? वर भोक पाडूया की."

मालकानं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू पहारेकऱ्यानंच चोरीची परवानगी मागितली होती.

त्याचं कारण होतं. पत्र्याच्या शेडला उजेडाची खिडकी, म्हणजे छप्पर कापून बसवलेली चौकट आणि तिच्यावर पारदर्शक पत्रा, ही गोष्ट सगळ्यांना हवी असते आणि सगळे तिला भितात. भोक पाडलं की पाणी येणार, असं इथले फिटरही सांगतात. दादासो त्यांच्याशी भांडायचे. भोकाला नावं ठेवू नका, म्हणायचे, भोकाभोवतीचं काम बघा. हळूहळू त्यांना अशी कामं मिळायला लागली. कुणी नव्या खिडक्या करून घेतल्या, कुणी दुसऱ्यांनी बिघडवलेल्या दुरुस्त करून घेतल्या. माणसाला आपण केलेल्या कामाचा अभिमान असावा तेवढा त्यांना होता, आणि वर थोडा जास्तच होता.

नेमिनाथ मगदूमअण्णांची बेदाणा निवडायची शेड हे त्यांचं सगळ्यात आवडतं काम. कुपवाड गावाच्या कडेला, अण्णांच्या दुमजली घराला लागूनच ती शेड आहे. आत लांबलचक टेबलं, टेबलांवर बेदाण्याचे ढीग, आणि दोन्ही बाजूंनी बसलेल्या बायका. काडी, देठ, डागी मणी बाजूला काढायचे, आणि हिरवा, पिवळा, तांबूस असा माल वेगळा करायचा. हे सगळं नजरेचं काम. ट्यूबलाईटखाली पिवळा आणि तांबूस बेदाणा एकसारखाच दिसतो, हे मुकादम हरणाबाई अण्णांना वर्षानुवर्षं सांगत होत्या. शेवटी अण्णांनी दादासोंना बोलावलं. दादासोंनी छपरात दोन मोठ्या चौकटी बसवल्या, एक रस्त्याच्या अंगाला, एक घराच्या अंगाला. पहिल्या सकाळी उजेड टेबलावर पडला तेव्हा हरणाबाईंनी ओंजळभर बेदाणा त्यात धरला, उलटापालटा केला, आणि म्हणाल्या, "आता कसं! माल बोलाय लागला." अण्णा नुसते हसले. दादासो पुढचे कित्येक दिवस ते वाक्य भेटेल त्याला सांगत होते.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. आता धंदा त्यांचा मुलगा आर्जव बघतो. इंजिनिअर झालेला, शांत, हिशेबी, पण माणसाला तोडून बोलणारा नाही.

यंदाच्या पावसाळ्यात घराकडची चौकट गळायला लागली.

पहिला फोन आला तेव्हा दादासोंना त्यात विशेष काही वाटलं नाही. ऊन-पावसानं स्क्रूखालचं रबर कडक होतं, चिरतं, आणि तिथून पाणी उतरतं. उघडीप बघून ते आले. छपरावर चढले, सगळं झाडून लख्ख केलं, चौकटीभोवतीचे स्क्रू नव्या रबरासकट बदलले, सांध्यांवर सिलिकॉनची नवी रेघ ओढली. मग पाईपनं पाणी मारून बघितलं. पाणी मारायचीही त्यांची एक पद्धत आहे. सुरुवात चौकटीच्या खालच्या कडेपासून. तिथं बराच वेळ पाणी सोडायचं, आत उभ्या माणसानं 'कोरडं' म्हटलं की पाईप थोडा वर सरकवायचा. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून खाली येतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आत आर्जव उभा होता. तो प्रत्येक वेळी ओरडला, "कोरडं!" दादासो खाली उतरले, चहा प्याले आणि निघून गेले.

पुढच्या पावसात टेबलावर पुन्हा पाणी टपकलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उचकटल्या, खाली नवी चिकट टेप टाकली, पट्ट्या परत आवळल्या. त्याआधी अर्थातच छप्पर झाडलं. पाईपचं पाणी मारलं. थेंब नाही. या वेळी ते हरणाबाईंसमोर, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता जर थेंब पडला, तर ही चौकट मी माझ्या हातानं बंद करीन."

बोलून गेले. पुढच्याच पावसात थेंब पडले. थेंब म्हणजे काय, बारीक धारच. निवडून ठेवलेल्या पिवळ्या बेदाण्याच्या ढिगावर ती पडली आणि तो सगळा माल चिकट होऊन बाजूला टाकावा लागला.

तिसऱ्यांदा दादासो आले तेव्हा शेडच्या दारात नवेकोरे पत्रे रचून ठेवलेले होते. साधे, अपारदर्शक. ते बघताच त्यांच्या लक्षात आलं.

"मेजर, राग मानू नका," आर्जव म्हणाला. "तुमच्या कामात कसर आहे असं मी म्हणत नाही. मला आधी वाटलं होतं पत्र्याला घाम येतोय. आत इतकी माणसं, बाहेर गारवा. म्हणून मी आत ओलावा मोजायचं यंत्रसुद्धा लावून बघितलं. तसं काही निघालं नाही. पावसाच्या दिवशीच गळतं, म्हणजे पाणी वरूनच येतंय. आणि ते तुम्हाला सापडत नाही, मला सापडत नाही. गणपतीच्या आधी मोठा माल निवडायचाय. मी किती दिवस टेबलं इकडून तिकडं सरकवत बसू?"

"म्हंजे दोन्ही चौकटी बंद करणार?"

"दोन्ही. ही आज गळतेय, ती उद्या गळेल. रविवारी करून घेऊ. तुम्हीच करा, दुसऱ्याला नाही बोलवत."

यातलं शेवटचं वाक्य आर्जव मान ठेवायला म्हणाला होता, पण दादासोंना तेच जास्त लागलं. आपण उघडलेला उजेड आपणच बुजवायचा. आणि एकदा मगदूमांची चौकट बंद झाली की कुपवाडात ते कुणाला तोंड वर करून सांगणार, भोकाला नावं ठेवू नका म्हणून? ते गळत्या चौकटीखाली जाऊन वर बघत उभे राहिले.

"असं टक लावून बघून ते लाजंल, गळायचं न्हाई," हरणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. शेजारच्या बायका हसल्या.

"हसा. तुमीच म्हणत हुता, माल बोलाय लागला म्हणून."

"ते खरंच हाय की. म्हणून तर आमी मालकास्नी सांगतोय, आमाला उजेड पायजेल. पर मेजर, तुमचं छप्पर लय खोडील हाय बघा. पाऊस पडतोय तवा ऱ्हातंय गप. आमी म्हणतो, चला, आज वाचलो. पाऊस थांबतोय, ऊन पडतंय, आन मग हे चालू हुतंय. बाहेर वळचणीचं पाणी थांबलं तरी हितं आपलं टिपटिप, टिपटिप."

दादासो वळले. "पाऊस थांबल्यावर?"

"व्हय. थांबल्यावरबी लय येळ. न्याहारीला बसून उठतो तरी चालूच."

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा? तुमी आलं की शिडी लावता आन वर जाता. वरनं खाली आलं की भाषण करता."

पुन्हा हशा झाला. या वेळी दादासोही हसले, पण त्यांचं डोकं दुसरीकडं चाललं होतं. स्क्रूतून येणारं, सांध्यातून येणारं पाणी पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर थांबतं. पाऊस थांबल्यावर जे पाणी येत राहतं ते वर कुठंतरी साठलेलं असतं. पण उतारावरच्या पत्र्यावर पाणी साठेल कुठं? आपण स्वतः दोनदा वर गेलो, पाईप मारला, पाणी कसं सुसाट वाहून गेलं. अडायला काहीच नव्हतं.

अडायला काही नव्हतं, कारण ते आपण आधीच झाडून काढलं होतं.

ही गोष्ट त्यांना शिडीला हात लावताना सुचली. झाडू पाठीला बांधलेलाच होता. त्यांनी तो सोडला आणि भिंतीला टेकवून ठेवला. इतक्या वर्षांत बिनझाडूचे ते पहिल्यांदाच छपरावर चढत होते आणि त्यांना उघड्यावर आंघोळ करायला निघाल्यासारखं वाटत होतं. सकाळी एक सर येऊन गेली होती, पत्रा अजून ओला होता. त्यांनी दोर छपराच्या माथ्यावरच्या मोभाला अडकवला, स्क्रूंच्या ओळीवर पाय ठेवत, पारदर्शक पत्र्यापासून लांब राहत ते घराकडच्या चौकटीपर्यंत गेले आणि तिच्या वरच्या अंगाला उकिडवे बसले.

तिथं शेत उगवलं होतं.

चौकटीची वरची कड मोभाकडून येणाऱ्या पाण्याला आडवी लागते. त्या कडेला चिकटून, पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीत, बोटभर उंचीचे हिरवेगार कोंब दाटीनं उभे होते. खाली मुळ्यांची चटई, तिच्यात माती, पिसं, भुसा. आणि त्या बांधाच्या मागं वाटीभर नव्हे, चांगलं तांब्याभर पाणी निवांत साठलेलं होतं. दादासोंनी एक कोंब उपटून बघितला. शाळू. त्यांच्या घरच्या रानात पेरतात तोच जोंधळा.

पाणी कसं शिरतं ते आता समोर दिसत होतं. चौकटीची पट्टी वरच्या पत्र्याखाली सरकवलेली असते. पाणी वरून खाली वाहतं तोवर ती बिनघोर. पण पाणी साठून उलटं वर चढलं की ते पट्टीच्या माथ्यावरून आत उतरतं, आतल्या लोखंडी पट्टीवरून वाहत कोपऱ्यापर्यंत जातं आणि तिथून टेबलावर. पाऊस थांबला तरी तळं रिकामं होईपर्यंत गळणारच. मागच्या दोन्ही वेळी असलाच ओला कचरा त्यांनी न बघता झाडूनं खाली लोटला होता, आणि मग स्वच्छ पत्र्यावर पाणी मारून 'कोरडं' असं ऐकून घेतलं होतं.

पण छपरावर शाळू आला कुठून?

तेवढ्यात टणटण आवाज झाला आणि त्यांच्या अंगावर, आजूबाजूला, पत्र्यावर दाणे पडले. मागोमाग तीन-चार पारवे फडफडत उतरले, दादासोंना बघून दचकले आणि मोभावर जाऊन बसले. दादासोंनी वर बघितलं. घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत आर्जवची आई, गुणमालाअक्का, हातात वाडगा घेऊन उभ्या होत्या.

"अगं बाई! मेजर तुम्ही हाय व्हय खाली? लागलं नाही नव्हं?"

"न्हाई अक्का. दाण्यानं काय लागतंय." त्यांनी अंगावरचा एक दाणा उचलून बघितला. "रोज टाकता?"

"रोज. हे असताना हेच टाकायचे, खाली अंगणात. आता माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत. मग म्हटलं, हितनंच टाकावं. पाखरांना काय, अंगण काय नि पत्रा काय. आता बघा, माझी वाट बघत बसतात. एक होला आहे, तो तर अगदी खिडकीत येतो."

"पावसातबी टाकता?"

"पावसात त्यांनी कुठं जायचं, मेजर? रानात सगळं ओलं."

दादासो त्या हिरव्या बांधाकडं बघत राहिले. शेडची दुसरी चौकट, रस्त्याकडची, कोरडी का आहे ते त्यांना आता विचारायची गरज नव्हती. अक्कांचा हात तिथवर पोचत नव्हता.

एक वाट सोपी होती. दर आठवड्याला गुपचूप यायचं, कोंब काढायचे, निघून जायचं. आर्जवला सांगायचं, सापडलं एकदाचं, सांध्यात होतं. चौकटही राहील, अक्कांची पाखरंही राहतील. ती वाट त्यांना थोडा वेळ फार बरी वाटली. पण आपण एका आठवड्यात तापानं पडलो तर? आणि दुसरं असं, की ती दुरुस्ती नव्हती, नुसती झाकपाक होती. त्यांना ते पटेना.

"अक्का," ते म्हणाले, "जरा वाकून बघा. माझ्या पायाशी काय उगवलंय?"

अक्कांनी चष्मा नीट केला. "शाळू दिसतोय."

"तुमचाच हाय. त्यानं पाणी अडतंय आन खाली उतरतंय."

 अक्कांनी वाडगा हळूच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "म्हणजे इतके दिवस आर्जव डोकं धरून बसलाय ते माझ्यामुळं? त्या बेदाण्याची नासाडी?"

"तुमच्यामुळं असं न्हाई..."

"मग कुणामुळं? राहू दे. बंद करते मी. त्यात काय एवढं."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की दादासोंना ते ऐकवलं नाही. "आज लगीच बंद करू नका. मला आर्जवशी बोलू द्या. न्हाईतर असं करा, तुमीच हाक मारा त्याला. माझ्याकडनं ऐकण्यापरीस तुमच्याकडनं बरं."

आर्जव खिडकीत आला. आईनं बोट दाखवलं, स्वतःच सगळं सांगितलं. त्यानं आधी कोंबांकडं बघितलं, मग आईकडं, आणि हसायलाच लागला. "अगं, आपण बेदाण्याचे व्यापारी ना? छपरावर जोंधळा काय लावलास!" मग तो खिडकीतून बाहेर पडून, खालच्या सज्ज्यावर पाय देत, सावकाश छपरावर उतरला. दादासोंनी त्याला दोर दिला. दोघं त्या तळ्याशेजारी बसले.

"पण मेजर, मग तर सोपंच झालं," आर्जव म्हणाला. "आईचं दाणे टाकणं बंद करायला नको. बिचारीला तेवढाच विरंगुळा आहे. चौकट काढून सरळ पत्रा घातला की दाणा अडेल कुठं? वाहून जाईल. दाणेही राहतील आणि गळतीही जाईल."

 दादासोंनी हे धरलंच नव्हतं. अक्कांच्या पाखरांना वाचवायला निघाले आणि त्याच वाटेनं चौकट जायची वेळ आली. आणि पोराचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. खिडकीत अक्का उभ्या होत्या, त्यांच्यासमोर वाद घालणंही बरं दिसेना.

शेवटी ते म्हणाले, "तुझं खरं हाय. पर खाली हरणाबाई हाय. तिला इचारलंस?"

"त्यांना उजेड हवाय, ते माहीतच आहे. मलाही हवाय. गळका नकोय."

"मग मला एक पाऊस दे. एकच." दादासोंनी दोन्ही तळहात बोटांच्या टोकाशी जुळवले आणि ते टोक मोभाकडं करून दाखवलं. "चौकटीच्या डोक्यावर अशी पत्र्याची पाठ बसवायची. नांगराचा फाळ असतोय तशी. वरनं आलेलं पाणी आडव्या कडंवर आदळाय नको, फाटून दोन्ही अंगानं जाया पायजे. पाण्याबरोबर दाणाबी जाईल. आज दाणं हायत, अक्कांनी बंद केलं तरी उद्या पालापाचोळा असंल. अडणारं काय ना काय येणारच."

आर्जवनं तळहातांकडं बघितलं. मग खिशातून पेन काढून पत्र्यावरच रेघ मारली. "टोक इथपर्यंत हवं. नाहीतर चढ कमी पडेल." त्यानं चौकटीच्या बाजूची अरुंद पन्हळ बोटानं दाखवली. "आणि पाणी फाटून इथं आलं तर? दाणा या फटीत बसेल. पुन्हा कोंब. पाठ दोन्हीकडं एकेक पन्हळ जास्त बाहेर न्यायला लागेल."

दादासोंनी बघितलं. खरंच होतं. ते त्यांना सुचलं नसतं. "बरोबर बोललास. मला फकस्त पाणी दिसत हुतं."

"मग पैज ठरली," आर्जव म्हणाला. "एक पाऊस. आणि कुणी झाडायचं नाही."

"झाडायचं न्हाई. आन अक्कांनी रोजच्यासारखं टाकायचं. गळलं तर रविवारी मी सोता दोन्ही चौकटी बुजवतो. तोंडातनं शब्द काढणार न्हाई."

पाठ करायला दारात रचलेल्यातलाच एक साधा पत्रा घेतला. आर्जवनं कोन मोजला, दादासोंनी वाकवला. दोघांचं एकदा जोरदार भांडण झालं, ते टोक गोल ठेवायचं की धारदार यावरून. त्यात गोल म्हणणारे दादासो जिंकले, कारण धारेवर अडकलेलं पीस त्यांनी त्याला पत्र्यावर नेऊन दाखवलं. बसवताना पाठीची वरची कड त्यांनी मोभाकडच्या पत्र्याखाली चांगली हातभर आत सरकवली आणि खाली टेपचे दोन पदर दिले. संध्याकाळी उतरताना पत्र्यावर पडलेला भुसा बघून त्यांचे हात शिवशिवले. पण ते तसेच उतरले.

पाऊस दोन दिवस आला नाही. त्या दोन दिवसांत अक्का दाणे टाकत होत्या, पण हात आखडता घेऊन. दादासोंनी खालून ओरडून सांगितलं, "अक्का, अशी कंजुषी केली तर परीक्षा खरी व्हायची न्हाई. मूठ भरून टाका!" अक्का म्हणाल्या, "मला भ्या वाटतंय हो." तरी त्यांनी मूठ भरली. छपरावर पारव्यांची जत्रा भरली.

शनिवारी दुपारी अंधारून आलं. आर्जवनं फोन करायच्या आधीच दादासो शेडमध्ये हजर होते. बायकांनी त्या चौकटीखालचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. ट्यूबलाईट लावल्या. आणि पाऊस असा कोसळला, की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दादासोंना सवय होती पावसात छपराकडं धावायची. आता काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं, आणि तेच त्यांना जमत नव्हतं. ते उठायचे, चौकटीखाली जायचे, परत यायचे.

"मेजर, बसा की," हरणाबाई ओरडून म्हणाल्या. "वर बघून मान अडकंल. मग ती कोण दुरुस्त करणार?"

पाऊस ओसरला. पत्र्यावरचा आवाज बारीक होत होत थांबला. टेबलावर एकही थेंब नव्हता. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली, एकीनं टाळीही वाजवली. आर्जव हसत पुढं आला. दादासोंनी हात वर केला.

"अजून न्हाई. ह्याची खोड ठावं हाय न्हवं? पाऊस थांबल्यावरच हे तोंड उघडतंय."

मग सगळेच वर बघत राहिले. बाहेर वळचणीचं पाणी जोरात पडत होतं, मग धारा सुट्या झाल्या, मग थेंब. हरणाबाई माल निवडता निवडता अधूनमधून मान उचलत होत्या. एकदा दादासोंना चौकटीच्या कोपऱ्यात काहीतरी चमकल्याचा भास झाला. ते त्याच्या खाली जाऊन उभे राहिले, बराच वेळ. काही पडलं नाही. कोळ्याचं जाळं होतं.

वळचण थांबली. बाहेर चिखलात कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली. आर्जवनं रिकाम्या टेबलावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हात उलटा करून बघितला. धुळीनं माखला होता. ओला नव्हता.

"दुकानदार पत्रे परत घेतील का?" त्यानं विचारलं.

"एक आपण कापलाय. बाकीचं घेतील." दादासो म्हणाले. "न्हाईतर मागच्या गोठ्यावर घाला. गोठ्यावरबी उजेडाला एक..."

"मेजर!" आर्जवनं हात जोडले. "आजच्या दिवस पुरे."

बाहेर ढग फाटले होते. घराच्या बाजूनं दाण्यांचा टणटण आवाज आला आणि पाठोपाठ पंखांची फडफड. हरणाबाईंनी समोरचा ढीग दोन्ही हातांनी ओढला आणि रिकाम्या टेबलावर, चौकटीच्या बरोबर खाली पसरला. दुसऱ्या दोघी आपापल्या बेदाण्याच्या पाट्या घेऊन तिकडं सरकल्या.

"मालक, लाईट घालवा," हरणाबाई म्हणाल्या. "पिवळ्यातला तांबडा दिसंना झालाय."

आर्जवनं बटण दाबलं.